‘येत नाही’ म्हणणारा कारागीर

भाचा औलीला स्कीइंग शिकायला निघाला. कुणीतरी दिलेली स्कीची जुनी जोडी त्याच्याकडे होती. पण बुटाला धरून ठेवणारी तिची पकड सैल झालेली. आम्ही गेलो कमानिया गेटजवळच्या बाजारात. 1939 च्या त्रिपुरी काँग्रेसची आठवण म्हणून उभारलेल्या या कमानीभोवती काय मिळत नाही?

एक दुकानदार ‘दोन मिनिटांचे काम’ म्हणत लगेच स्क्रू पिळायला बसला. मला धीर होईना. पुढच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या चर्मकाराने मात्र जोडी उलटसुलट पाहिली आणि परत दिली. “बहनजी, जन्मभर बूट शिवले, पण हे मला येत नाही. चुकले तर पोराचा पाय जाईल.”

ते खरेच होते. माणूस पडला की ही पकड सुटावी लागते, नाहीतर पाय मोडतो. फार सैल असली, तर घसरताना मध्येच निसटते. वजन, उंची, वय, सराव आणि बुटाच्या तळव्याची लांबी पाहूनच ती बसवतात. ती जोडी घरीच राहिली. भाचा औलीत, जाणकाराने बसवून दिलेल्या भाड्याच्या स्कीवर शिकला आणि धडधाकट परतला.

तेव्हापासून आमच्या घरचे बूट-चपला त्या म्हाताऱ्याकडेच जातात. न येणारे काम ‘येत नाही’ म्हणणाऱ्याच्या हाती येणारे काम निश्चिंत सोपवावे!