शंभर टक्के पूर्ण

एका तिमाहीच्या अहवालात आमच्या टीमच्या नावापुढे 'शंभर टक्के पूर्ण' असं छापून आलं. मला त्याचा राग अजून येतो.

मी नाशिक जिल्ह्यातल्या देवळ्यात घरून काम करतो. कंपनी पुण्याची, सॉफ्टवेअर शेतमाल निर्यातदारांसाठीचं. दर तीन महिन्यांनी सगळ्या टीम पुण्यात दोन दिवस 'पीआय प्लॅनिंग'ला बसायच्या. कोणाचं काम कोणावाचून अडतंय ते बोर्डावर लाल दोऱ्यांनी दाखवायचं आणि शेवटी योजनेवर किती भरवसा आहे तितकी बोटं वर करायची. नोव्हेंबर २०२३ मध्ये आम्ही कांदा निर्यातीची कागदपत्रं बनवणारा भाग घेतला. बहुतेकांनी चार-चार बोटं वर केली.

७ डिसेंबरला केंद्राने कांद्याची निर्यात ३१ मार्चपर्यंत बंद केली. दुसऱ्या दिवशी जिल्ह्यातल्या बाजार समित्यांमध्ये लिलाव थांबले, शेतकरी मुंबई-आग्रा महामार्गावर उतरले. उन्हाळ कांद्याचं रोप वाफ्यात तयार होतं. वडिलांनी उमराण्याच्या बाजारात दोन-तीन फोन केले आणि जेवायच्या आधी ठरवून टाकलं: लागण कमी करायची, उरलेल्या रानात उशिरा का होईना, गहू.

मी सकाळच्या कॉलवर म्हणालो, निर्यातीच्या कागदपत्रांचं हे काम थांबवू. व्यापारी देशातल्या विक्रीचा हिशोब मागताहेत, तो आधी करू. उत्तर आलं, "कमिटमेंट दिलीय. पुढच्या प्लॅनिंगला बघू." पुढचं प्लॅनिंग फेब्रुवारीच्या शेवटी! बदलाला प्रतिसाद देणं हे योजनेबरहुकूम चालण्यापेक्षा मोलाचं, असं अजाइल कार्यपद्धतीच्या २००१ च्या जाहीरनाम्यातच आहे. ते मी बोलून दाखवलं. कॉल पुढच्या मुद्द्यावर गेला. मग आमची टेस्टर रोज जवाहरलाल नेहरू बंदरातून न निघणाऱ्या कंटेनरचे नंबर फॉर्ममध्ये भरत राहिली. बटणाचा रंग, पीडीएफचा समास, सगळ्यावर चर्चा झाली. व्यापाऱ्यांचे फोन येत राहिले. काम तारखेला पोचलं, टाळ्या झाल्या. मार्चमध्ये बंदी वाढली. ४ मे २०२४ ला उठली ती टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून. आमच्या फॉर्ममध्ये किमान मूल्याचा रकानाच नव्हता. ते शंभर टक्के काम पुन्हा करावं लागलं.

त्यानंतर मोठी बैठक बंद झाली. आता कामांची एकच रांग असते. वरची चार-पाच कामं नीट उलगडलेली, बाकीची ढोबळ. दर आठवड्याला क्रम बघायचा, मधेच काही आलं तर ज्यांचा संबंध आहे त्यांनी त्याच दिवशी बसायचं. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य रद्द झालं, शुल्क २० टक्क्यांवर आलं. आम्ही त्याच आठवड्यात बदल करून मोकळे झालो. कोणाची परवानगी लागली नाही.

हा मार्ग धरणाऱ्यांनी आधी पैसे मंजूर करणाऱ्यांशी बोलून घ्यावं. बजेट वर्षभरासाठी गोठलेलं असेल, तर आठवड्याची रांग नुसती दिखाऊ ठरते.

आणि तरी मला पुण्यातले ते दोन दिवस हवे आहेत. आता नियोजन कधी संपतच नाही, रोज थोडं डोक्यात असतं. बंगळुरूच्या टीमशी आमचा हिशोबावरून वाद चाललाय. चॅटवर तो चिघळतो. पूर्वी चहाला उभं राहून असले वाद मिटायचे. त्यांना पुण्याला बोलवा, असं मी लिहून दिलंय. प्रवासखर्चाला कारण काय दाखवायचं, असं विचारतात. मी 'प्लॅनिंग' असंच लिहिलं.