शंभर टक्के हजेरी

ज्या क्लबाच्या एकाही मीटिंगला मी गेले नव्हते, त्या क्लबाने मला वर्षभराच्या शंभर टक्के हजेरीबद्दल प्रशस्तिपत्र दिलं. लॅमिनेट केलेलं, खाली अध्यक्ष आणि सचिव दोघांच्या सह्या. त्याला बराच काळ लोटला, पण अजून कुणी "वहिनी, तुमचं काम फार छान" म्हटलं की माझं डोकं फिरतं.

क्लब कोणता ते लिहीत नाही. फलटणला लायन्स आहे, रोटरी आहे, इतरही मंडळं आहेत. अशा क्लबांची कामं सगळ्यांना ठाऊक असतात: मोतीबिंदूची शिबिरं, रक्तदान, आषाढीच्या वारीत माउलींची पालखी विमानतळावर मुक्कामाला आली की वारकऱ्यांना औषधपाणी. आमचे हे लग्नाआधीपासून मेंबर. मी मेंबरची बायको. लायन्समध्ये अशा बायकोला 'लायन लेडी' म्हणतात, रोटरीत 'ॲन'. नाव काही असो, काम तेच. पाहुण्यांना ओवाळायचं, रांगोळी काढायची, संक्रांतीला हळदीकुंकू करायचं आणि पालखीला लाडू-चिवड्याच्या पिशव्या भरायच्या. पिशव्यांवर छापलेली नावं पुरुषांची. तेव्हा मला त्याचं काही वाटत नव्हतं.

क्लबांचं वर्ष जुलैत सुरू होतं, म्हणून पदग्रहणही जुलैत. मंगल कार्यालयात, नेहमीसारखं उशिरा. प्रांतपाल आले, घंटा वाजली, कॉलर एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात गेली. डावीकडच्या रांगा बायकांच्या. सचिव अहवाल वाचत होते, "महिला सदस्यवाढीत आपल्या क्लबाने भरीव कामगिरी केली आहे." टाळ्या. मीही वाजवल्या, म्हटलं, आल्या असतील कुठून तरी बायका. मग हजेरीची बक्षिसं, आणि त्यात माझं नाव, पुढे 'सौ.' लावून. मी बसूनच. आमचं आडनाव फलटणला पैशाला पासरी, दुसरी कुणी असेल. तेवढ्यात ह्यांनी पुरुषांच्या रांगेतून मान वळवून डोळ्यांनीच दटावलं, जा की!

गेले. गुलाबाचं फूल, प्रशस्तिपत्र, फोटोवाल्याचं "इकडे बघा, वहिनी." प्रांतपाल भला माणूस. म्हणाले, "ताई, घर सांभाळून एकही मीटिंग चुकवली नाहीत, कौतुक आहे." त्या माणसाला काय सांगणार? "धन्यवाद सर" म्हणून खाली आले. माझ्यामागून आणखी काही जणी तशाच वर जाऊन आल्या, आणि एकीच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

घरी आल्यावर ह्यांचं म्हणणं साधं. "वरून टार्गेट होतं. जूनअखेर आकडा भरायचा होता. सगळ्यांनीच घरातली नावं दिली. पैसे मी भरले, तुझं काय गेलं?"

काय गेलं ते सांगते. मी पोस्टाची एजंट आहे. महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेत आरडीचे हप्ते गोळा करते, पार कोळकीपर्यंत फिरून. १९७२ पासूनची ही योजना, एजन्सी फक्त बाईलाच मिळते, आणि तिच्या नावावर हिंडणारे नवरे मी कितीतरी पाहिलेत. माझी एजन्सी मी चालवते. सही जुळली नाही तर पोस्टातला क्लार्क फॉर्म परत टाकतो, मग तो एखाद्या म्हातारीचा असो की नगरसेवकाचा. सही म्हणजे काय हे मला कुणी शिकवू नये.

मी क्लबाचं हजेरीबुक मागितलं. सचिव "कशाला, वहिनी" करत राहिले. शेवटी ह्यांनीच आणून दिलं. पानोपानी मी. ह्यांच्या सहीखाली, त्याच पेनाने. मी सही करताना नुसतं नाव आणि आडनाव लिहिते, पोस्टात नमुना तोच आहे. इथे आधी 'सौ.', मधे नवऱ्याचं नाव आणि शेवटी खाली दोन टिंबं. ती टिंबं ह्यांची. लग्नपत्रिकेच्या पाकिटावरसुद्धा देतात. एका पानावरची तारीख माझी आई आयसीयूत होती त्या रात्रीची निघाली. मी साताऱ्याला दवाखान्याच्या बाकावर बसलेली, आणि इथे हॉटेलात मी ठरावाला अनुमोदन देत होते. इतिवृत्तात तसं आहे, 'सौ. अमुक यांनी अनुमोदन दिले. ठराव सर्वानुमते मंजूर.' ठराव कसला? पुढच्या वर्षीचा अध्यक्ष कोण, याचा.

लायन्समध्ये कुटुंब सदस्यत्व म्हणून सोय आहे. घरातल्या पहिल्याने पूर्ण आंतरराष्ट्रीय वर्गणी भरायची, पुढच्या चौघांना निम्मी. आमच्याकडेही तसलंच काहीसं. वर्गणी निम्मी, पण मत अख्खं, आणि हे आमच्या क्लबातल्या पुरुषांनी अचूक हेरलं होतं.

मग मी जरा वाचत बसले. मेल्विन जोन्स यांनी लायन्स १९१७ साली शिकागोत सुरू केली. बायकांना दार उघडलं १९८७ साली. रोटरीची तर तऱ्हाच न्यारी. कॅलिफोर्नियातल्या दुआर्ते नावाच्या गावातल्या क्लबाने १९७७ मध्ये तीन बायकांना मेंबर केलं, तर रोटरीने त्या क्लबालाच काढून टाकलं. भांडण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. १९८७ ला कोर्टाने बायका घेण्याच्या बाजूने निकाल दिला आणि १९८९ मध्ये रोटरीने जगभरासाठी नियम बदलला. त्या तिघींना बाहेर ठेवण्यासाठी दहा वर्षं वकील लावले. मला आत घेताना मात्र तोंडदेखलंसुद्धा विचारलं नाही. पुढे लायन्सच्या आंतरराष्ट्रीय अध्यक्षपदी २०१८ मध्ये आइसलंडच्या गुद्रुन इंगवादोत्तिर बसल्या, रोटरीत २०२२ मध्ये जेनिफर जोन्स. त्यांची हजेरी त्यांनीच लावली असावी.

आमच्या क्लबात डॉक्टर आहेत, वकील आहेत, आडतवाले आहेत. पंचायतीत बायकांना निम्म्या जागा झाल्यापासून हीच मंडळी चहा पिताना 'सरपंचपती' म्हणून खेड्यातल्या माणसांना हसतात. शेजारच्या माण तालुक्यात म्हसवडला १९९७ मध्ये चेतना गाला-सिन्हांनी बायकांची माणदेशी बँक उभी केली. तिथल्या शेळ्या राखणाऱ्या बाईचं पासबुक तिचं स्वतःचं असतं. आणि इथे शिकल्यासवरल्या घरातल्या आम्ही!

सचिव म्हणाले, "वहिनी, राग असेल तर नाव कमी करून टाकतो." मी म्हटलं, "हात लावायचा नाही." का म्हटलं, ते तेव्हा मलाही कळलं नाही. खरं सांगायचं तर कुणी रीतसर विचारलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं. संध्याकाळचा स्वयंपाक, हप्त्यांचा हिशेब, कुठे वेळ? त्या खोट्या सह्यांमुळेच मी मेंबर झाले, आणि आता मला ते सोडवत नाही. हे मला आवडत नाही, पण तसं आहे.

पुढच्या मीटिंगला गेले. रात्री नऊ, हॉटेलचं वरचं दालन. मी शिरले तशी कुणीतरी म्हणालं, "वहिनी, जेवण अजून लागलं नाही." मी वेळ साडेपाचची करा म्हटलं, तर दुकानं कोण बघणार म्हणून गलका. माझं म्हणणं एवढंच, बायका वाढवायच्या असतील तर फोन बाईला करा, तिच्या नवऱ्याला नको. तिला विचारा, कोणत्या वाराला, किती वाजता जमेल. आणि आल्या आल्या ओवाळणीचं ताट हातात देऊ नका, खजिनदाराची वही द्या. मला ती भांडून मिळाली. पालखीच्या पिशव्यांचा खर्च पहिल्यांदाच पै-पैसह लिहिला गेला, त्यावरून कुणाकुणाची तोंडं वाकडी झाली ते वेगळंच.

ह्या वर्षी नवीन नावं मीच गोळा केली, एकेकीच्या घरी जाऊन, फॉर्मवर तिच्या हाताने सही घेऊन. काहींनी तोंडावर नाही सांगितलं, ते मला बरं वाटलं. लक्ष्मीनगरातली एक मुलगी, माझी आरडीची खातेदार, लग्न केलेलं नाही, आईवडील नाहीत, आपणहून आली. रविवारी वस्तीतल्या पोरांचं गणित घेते, तेच क्लबातर्फे करायचं म्हणाली. असं माणूस क्लबाला हुडकून सापडत नाही. फॉर्म भरताना सवलतीच्या रकान्याशी थांबली आणि म्हणाली, "काकू, इथे कुटुंबातल्या मेंबरचं नाव मागतायत." मी सचिवांना फोन लावला. त्यांनी नियम वाचून दाखवला, आणि तो त्यांनी बरोबरच वाचला. ज्या बायका नवऱ्याने नाव दिलं म्हणून आल्या त्यांना निम्मी, आणि ही एकटी आली म्हणून हिला पूर्ण. तिने काही न बोलता पूर्ण पैसे मोजले. मी पावती फाडली.