दोर सैल सोडण्याची वेळ

घोड्यांच्या कामात येऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला मी खोगिराला हात लावण्याआधी सिंडी मील यांचा 'बक' हा माहितीपट बघायला सांगतो. 2011 सालचा, जेमतेम 88 मिनिटांचा. सनडान्स महोत्सवात त्याला प्रेक्षकांचा पुरस्कार मिळाला, पण माझं कारण वेगळं आहे. दाब कधी काढायचा, हे आमच्या कामातलं सगळ्यात अवघड शिक्षण. ते इतकं स्वच्छ मी दुसऱ्या कुठल्या चित्रपटात पाहिलेलं नाही.

बक ब्रॅनमन हा अमेरिकेतला चाबूकस्वार. वर्षातले कित्येक महिने घोड्यांचा ट्रेलर घेऊन गावोगाव फिरतो, शिबिरं घेतो, लोकांना त्यांच्याच घोड्यांवर शिकवतो. घोड्याला समजून घेऊन शिकवणाऱ्या टॉम डॉरन्स आणि रे हंट यांच्या परंपरेतला माणूस. रॉबर्ट रेडफर्ड यांच्या 'द हॉर्स व्हिस्परर' (1998) या चित्रपटाला तोच सल्लागार होता.

माहितीपट बघताना त्याच्या चेहऱ्यापेक्षा हातांवर नजर ठेवावी. बुजलेलं जनावर मान ताठ करून मागे रेटत असतं, तेव्हा तो ओढत नाही, नुसतं धरून ठेवतो. घोड्याच्या खांद्यातला ताठरपणा जातो, वजन किंचित पुढे येतं, अजून पाऊल पडलेलंही नसतं, आणि दोर सैल होतो. घोडा शिकतो तो या सैल होण्यातून, ओढण्यातून नाही. हात दोन क्षण उशिरा सुटला तरी नेमकं कशाबद्दल सूट मिळाली ते घोड्याला उमगत नाही, आणि मग माणसं त्याला हट्टी म्हणतात. तबेल्यात चाबूक निघतो तो बहुतेकदा याच उशिरापायी.

हे हात मार खाल्लेल्या मुलाचे आहेत. बक आणि त्याचा भाऊ लहानपणी दोराचे खेळ करायचे. आई गेल्यावर बापाची मारहाण असह्य झाली. शाळेतल्या प्रशिक्षकाला पाठीवरचे वळ दिसले आणि मुलं मोंटानातल्या शर्ली दांपत्याच्या घरी गेली. नव्या वडिलांनी बकला चामड्याचे हातमोजे दिले आणि कुंपणाच्या कामाला सोबत नेलं. मोज्यांना ओरखडा पडू नये म्हणून पोरगं उघड्या हातांनी तार ओढत राहिलं. बिथरलेल्या मुलाला बरोबर घेऊन काम द्यावं, हे त्या माणसाला कुणी शिकवलं असेल?

माहितीपटाच्या शेवटाकडे एक तरुण वळू घोडा येतो. जन्मताना त्याला प्राणवायू कमी पडलेला, पुढे माणसांनी लाडात वाढवलेला, शिस्त कधीच न लागलेला. तो एका अनुभवी माणसावर धावून जातो, डोक्याला चावतो. हा भाग कापला असता तर माहितीपट गोड झाला असता आणि खोटाही. बकची काठी, तिच्या टोकाची झेंडी, त्याचा ठाम आवाज, सगळं इथे कामाला लागतं. हळुवारपणा म्हणजे मोकाट सोडणं नव्हे, हे मी शिकायला येणाऱ्या मुलांना इथेच दाखवतो. घोड्याची मालकीण त्याला मरण देण्याचं ठरवते. बक तिला स्पष्ट सांगतो की या जनावराच्या बाबतीत माणूस कमी पडला. घोड्यावर मात्र तो राग काढत नाही. त्याला शेवटच्या प्रवासासाठी ट्रेलरमध्ये चढवतानाही वेळ देतो, वाट मोकळी ठेवतो आणि घोड्याचं पाऊल उचललं की दाब काढतो.