शब्दकोशाची शिदोरी

भालकी, औराद, बसवकल्याण या परिसरातील जुन्या मराठी शब्दांचा एक लहानसा संग्रह मी गेली काही वर्षे करीत आलो आहे. बळद, माळवद, तिफण अशी त्यातली नावे. वस्तू घरातून गेल्या, तसे शब्दही जिभेवरून उतरत चालले. हे शब्द संगणकावर शोधता यावेत म्हणून मी एक छोटी आज्ञावली लिहिली. ती जावा या भाषेत लिहिण्याचे कारण एवढेच, की हैदराबादच्या अमीरपेठेत राहणाऱ्या माणसाला जावा टाळणे कठीण असते. तिथे गल्लोगल्ली तिच्या शिकवणीचे फलक लटकलेले असतात.

संग्रहातील निम्मे शब्द भालकीच्या मामांचे. ते निवृत्त शिक्षक. पहिली प्रत मी पेनड्राइव्हवर त्यांनाच धाडली, आणि तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, "अरे, हा शब्दकोश आहे की गाठोडे? उघडले तर आत नुसत्या फायलीच फायली!" चूक माझीच होती. जावाची ‘जार’ फाइल म्हणजे मुळात एक झिप असते. ती चालविणारे जावा संगणकावर नसेल, तर बिचारा संगणक ते गाठोडे सोडून दाखवितो. मामांना आधी जावा उतरवून घ्या म्हणून सांगणे म्हणजे जेवायला बोलावून चूल घेऊन यायला सांगण्यासारखे होते.

तेव्हा शिदोरी सोबत बांधून देणे आले. २०२१ मध्ये आलेल्या जावाच्या १६व्या आवृत्तीपासून ‘जेपॅकेज’ हे साधन कायमचे झाले आहे. ते आज्ञावलीबरोबर तिला लागणारे जावाही एकाच स्थापना-संचात बांधते. मात्र विंडोजचा संच विंडोजवरच आणि लिनक्सचा लिनक्सवरच बांधावा लागतो. माझा संगणक लिनक्सचा. म्हणून भाच्याचा लॅपटॉप दोन रात्री अडकवून ठेवला. विंडोजवर ‘विक्स’ नावाचे आणखी एक साधन आधी बसवावे लागते, हे पहिल्या रात्री कळले.

संच जड होऊ नये म्हणून ‘जेलिंक’ने जावाचे अनावश्यक विभाग मी गाळले. संच हलका झाला, चाललाही. पण आज्ञावलीच्या माथ्यावर जिथे रोजची तिथी-वार उमटतो, तिथे सोमवारच्या जागी इंग्रजी ‘मंडे’ आला. माझ्या संगणकावर तर सारे मराठीत दिसत होते! कुठे चूक दाखविली गेली नाही, कुठे इशारा नाही.

कारण सापडायला दुसरी रात्र गेली. इंग्रजी वगळता इतर भाषांचे वार, महिने, अंकपद्धती यांची माहिती जावात ‘जेडीके.लोकेलडेटा’ या वेगळ्या विभागात असते. जेलिंक केवळ मागितलेले विभाग आणि ते ज्यांच्यावर अवलंबून असतात ते विभागच घेतो. हा विभाग कोणी नावाने मागितला नाही, तर तो आत येतच नाही. १९५६ साली हैदराबाद राज्याची वाटणी झाली, तेव्हापासून आपण सीमेपलीकडचे लोक हा अनुभव ओळखून आहोत. कोणी हाकलून देत नाही. यादीत नाव नसते, एवढेच. (यंत्राला मात्र यात दोष देता येत नाही, त्याला फक्त सांगावे लागते.) तो विभाग यादीत घातला आणि ‘इन्क्लूड-लोकेल्स’ या पर्यायाने मराठी व इंग्रजी एवढ्याच भाषा ठेवल्या. संच फारसा वाढला नाही.

टंकही सोबत बांधला. ‘पायऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला आपला ऱ जुन्या संगणकावर कसा उमटेल याची खात्री नव्हती. नोटो सान्स देवनागरी मुक्त परवान्याचा असल्याने तो वाटायला अडचण नाही.

नवा संच भालकीला गेला. संच कोणाचा हे ओळखीचे नसल्याने विंडोजने इशारा दिला; तो बाजूला सारून मामांनी तो बसविला. रात्री त्यांचा फोन आला. वार मराठीत दिसला, हे त्यांनी सांगितलेच नाही. ते म्हणाले, "‘बळद’चा अर्थ तू नुसता ‘कोठी’ असा दिला आहेस. आमच्या वाड्यातले बळद भिंतीच्या आत होते, वरून धान्य ओतायचे आणि खालून काढायचे. दुरुस्त कर, आणि पुन्हा पाठव."