घाट लागण्याआधी

पिरंगुट सोडून पौडकडे निघालात की कासार आंबोली लागते. वेगात जाणाऱ्याला ते वेगळे गाव म्हणून जाणवतही नाही. आम्ही इथे राहतो. दारासमोरचा हाच रस्ता पुढे मुळशी, ताम्हिणी, निजामपूर, माणगाव करत म्हसळ्याला आणि तिथून दिघी बंदराला जातो. म्हसळा हे माझे सासर. गावातल्या मुलींच्या सैनिकी शाळेला सुट्टी लागली, पालकांच्या गाड्या दिसू लागल्या, की मलाही माळ्यावरच्या बॅगा आठवतात.

काही वर्षांपूर्वीची रमजान ईद. एकोणतिसावा रोजा होता. दुपारी चारला निघालो. मुलांचे नवे कपडे, शिरखुर्म्याच्या शेवया, सुकामेवा, जावेसाठी बांगड्या, सगळे मी स्वतः गाडीत ठेवले होते. पौड गेले, मुळशीचे पाणी उजवीकडे मागे पडले. ताम्हिणी जवळ आले तेव्हा अम्मींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, सहज विचारले, "माझी सुई कुठल्या पिशवीत ठेवलीस?"

त्यांचे इन्सुलिन फ्रिजच्या दारात राहिले होते.

मोबाईलला रेंज नव्हती. अम्मी म्हणाल्या, एका रात्रीने काय होते, चला पुढे. यांनी काही न बोलता गाडी वळवली. मला कोणी एका शब्दाने बोलले नाही, तेच जास्त लागले. घरी पोहोचलो आणि मगरिबची अजान झाली. म्हसळ्याला घरभर माणसांत व्हायचा तो इफ्तार आमच्याच स्वयंपाकघरात, डब्यातल्या खजुरांवर झाला. मग रात्री घाट उतरलो. गावी पोहोचलो तोवर चाँदरात अर्धी सरली होती, मुले झोपली होती.

तेव्हापासून आमच्याकडे एक नियम आहे: अम्मींची पिशवी आधी भरायची, कपडे नंतर. ती डिकीत जात नाही, त्यांच्या पायाशी राहते. तिच्यात इन्सुलिन, सुया, साखर तपासायचे यंत्र, डॉक्टरांची चिठ्ठी, आणि साखर एकदम उतरली तर लागणारे ग्लुकोज. वापरात असलेले इन्सुलिन साधारण महिनाभर फ्रिजबाहेर चालते, पण त्याला ऊन सोसत नाही. मार्चअखेरीस बंद गाडी काय तापते हे सांगायला नको. बर्फाला चिकटवूनही ठेवू नये, गोठले की ते फुकट. मी ते टॉवेलात गुंडाळून रुंद तोंडाच्या थर्मासात ठेवते.

पेट्रोल आणि टायरची हवा आदल्या दिवशी पिरंगुटला. घाटात मुलांना उलट्या होतात, म्हणून निघण्यापूर्वी त्यांना पोटभर खाऊ घालत नाही. अम्मी मात्र रिकाम्या पोटी नकोत. नमाजचेही आधी ठरवावे लागते. हे कोकणी, शाफई. सफरीत त्यांना जोहर-असर एकत्र पढता येते. मी माहेरची हनफी. त्यामुळे माझ्या असरसाठी घाट लागण्याआधी गाडी थांबते, आणि वुजूच्या पाण्याचा कॅन वर, हाताशी असतो. यावरून घरात वाद नाही, चेष्टा मात्र दरवर्षी.

विमानाची तयारी म्हसळ्यात होते. ईद झाली की धाकट्या दिरांची दुबईची बॅग भरायला घेतात, आणि तिथे अम्मींपुढे माझे काही चालत नाही. सोडे, सुके बोंबील, घरचा मसाला. पण एका वर्षी मसाल्याचे साहित्य वाचता वाचता मीच थबकले. त्यात खसखस होती. आपल्याकडे वाण्याच्या दुकानात मिळणारी खसखस अमिरातीत बंदी असलेल्या पदार्थांत मोडते. अफूच्या बोंडातले ते बी. ती नेल्याबद्दल लोक तुरुंगात गेले आहेत. सुके खोबरेही चेक-इन बॅगेत चालत नाही, तेलामुळे ते पेट घेऊ शकते. कोडीन किंवा ट्रामाडॉल असलेल्या गोळ्या तिथे परवानगीशिवाय नेता येत नाहीत, म्हणून शेजाऱ्याने "तिकडे अमक्याला द्या" म्हणून दिलेली औषधाची पुडी आम्ही हात जोडून परत करतो. पॉवर बँक मात्र जवळच्या बॅगेतच ठेवावी लागते, सामानात नाही. आणि अम्मी कधी दुबईला निघाल्याच तर त्यांचे इन्सुलिनही जवळच राहील. विमानाच्या पोटात ते गोठू शकते.

यंदा अम्मींनी दुबईचा मसाला वेगळा कुटला, खसखस आणि खोबऱ्याशिवाय. बोटावर घेऊन चाखला आणि तोंड वाकडे केले. "याला मसाला म्हणायचे?"

दीर बॅगेची चेन ओढत म्हणाले, "असू दे अम्मी, तुरुंगातल्या जेवणापेक्षा बराच आहे."