आमच्या घरची बंदूक

आमचे गाव बेळगुंदी. बेळगावच्या पश्चिमेस, जेथे सपाटी सरते आणि सह्याद्रीचे डोंगर जवळ येऊ लागतात, तेथे ते वसले आहे. आमच्या शिवारात भात व रताळी ही मुख्य पिके. रताळी जशी माणसांना गोड लागतात तशीच ती रानडुकरांनाही लागतात. आणि आश्विनात लोंब्या भरू लागल्या की गवे रानातून खाली उतरतात. वर्षभराचे कष्ट एका रात्रीत तुडवले जातात. म्हणून आमच्या भागातील काही घरांत पीकसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक असते. आमच्या घरीही ती आहे.

हा लेख आम्ही दोघे मिळून लिहीत आहोत. आम्ही चुलत भाऊ; एकाच घरात वाढलो, एकाच वर्गात बसतो. पुढील हकिगतीत एक गोष्ट आम्ही मुद्दाम सांगणार नाही, हे वाचकांनी आधीच समजून घ्यावे.

आम्ही इयत्ता चौथीत होतो. खंडेनवमीचा दिवस होता. कोयता, विळा, खुरपे, कुऱ्हाड अशी सारी हत्यारे घासूनपुसून पाटावर मांडायची आणि त्यांच्याशेजारी बंदूकही ठेवायची, अशी आमच्या घरची रीत. आबा आदल्या रात्री शेतातल्या माळ्यावर राखणीला होते. पहाटे ते अंगात ताप घेऊन परतले आणि बंदूक खुंटीला अडकवून निजले. आजी स्वयंपाकघरात होती. बंदूक पुसण्याचा मान आपण घ्यावा, असे आम्हां दोघांच्या मनात आले.

ठासणीच्या बंदुकीची एक अडचण आहे, ती येथे सांगितली पाहिजे. काडतुसाची बंदूक मोडली की आतले काडतूस हाती येते. ठासणीच्या बंदुकीत मात्र नळीच्या तोंडातून आधी दारू, मग चिंधी, मग छर्रे असे गजाने ठासून भरतात. एकदा भरलेली बंदूक बार काढल्यावाचून रिकामी करणे अवघड. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी ती भरलेलीच ठेवून देतात आणि घोड्याखालची टोपी तेवढी काढून घेतात. आबांचीही तीच रीत होती. त्या पहाटे तापाच्या ग्लानीत टोपी काढावयाची राहिली.

आमच्यापैकी एकाने बंदूक मांडीवर घेतली. दुसरा समोर बसून फडक्याने नळी पुसत होता. फडके हातून निसटले व ते उचलण्यास तो वाकला; त्याच क्षणी पहिल्याने घोडा ओढून चाप दाबला. आवाजाने घर हादरले. धूर विरला तेव्हा मागच्या कणगीला भोके पडलेली दिसली आणि त्यांतून भाताच्या बारीक धारा जमिनीवर सांडत होत्या. कोणी चाप दाबला आणि कोण वाकला, हे आम्ही आजवर घराबाहेर कोणास सांगितलेले नाही व येथेही सांगणार नाही. दोघेही त्या रात्री झोपलो नाही, एवढे पुरे.

आबांनी आम्हांला मारले नाही, की एक शब्द बोलले नाहीत. ते कणगीपाशी बसून सांडलेले भात मुठीने गोळा करीत राहिले. त्यांचे हात थरथरत होते; तो थरकाप तापाचा नव्हता, हे आज आम्हांला कळते. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुताराकडून कुलपाची पेटी करून घेतली. बंदूक पेटीत गेली. टोप्यांचा डबा आजीच्या ट्रंकेत गेला आणि पेटीची किल्ली आजीच्या कनवटीला. तेव्हापासून आबांना शेतावर जाताना आजीकडे टोप्या मागाव्या लागत, आणि परत आल्यावर त्या मोजून द्याव्या लागत. एवढ्या वर्षांच्या संसारात आजीचा हुकूम प्रथमच बंदुकीवर चालला, असे आमचे काका गमतीने म्हणत.

पुढे आठवीत आम्ही राष्ट्रीय छात्रसेनेत दाखल झालो. बेळगाव हे मराठा लाईट इन्फंट्रीच्या रेजिमेंटल सेंटरचे गाव. येथील मुलांना लष्करी शिस्तीचे नवल नाही. तरीही पॉइंट टू टू रायफल प्रथम हाती आली तेव्हा आमची छाती धडधडली, आणि त्याचे कारण केवळ आम्हां दोघांनाच ठाऊक होते. गोळी मिळण्यापूर्वी कित्येक तास नुसतेच शिकणे असते. नळी सदैव निशाणाच्या दिशेस. हुकूम होईपर्यंत बोट चापाबाहेर. कोणी कितीही सांगितले तरी स्वतः बोल्ट उघडून पाहिल्यावाचून रायफल रिकामी मानावयाची नाही. आमच्यापैकी एकाला मागून कोणी हाक मारली व तो रायफलीसकट वळला. उस्तादांनी शांतपणे रायफल काढून घेतली आणि त्या दिवशी त्याला एकही गोळी दिली नाही. त्याला ते फार लागले. पण कणगीची आठवण होऊन तो निमूटपणे मागे जाऊन बसला.

आम्ही घरी येऊन हे सारे काठीच्या साहाय्याने आबांना करून दाखविले. आबा बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, “बार कसा काढायचा ते मला बापानं शिकवलं. ठेवायची कशी, ते कुणी सांगितलंच नाही रे.”

कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे याने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळविले, तेव्हा आबांनी तो सामना मोबाईलवर आमच्यासोबत पाहिला. त्या स्पर्धांतून रायफल रिकामी असल्याची खूण म्हणून तिच्यात रंगीत पट्टी घालून ठेवतात, हे आम्ही त्यांना सांगितले. जगातल्या निवडक नेमबाजांनाही ही खूण दाखवावी लागते याचे त्यांना मोठे समाधान वाटले.

गेल्या वर्षी आबांनी परवाना वडिलांच्या नावे करण्याचे ठरविले. परवानाधारकाने सत्तरी गाठली असेल, किंवा २५ वर्षे परवाना बाळगला असेल, तर तो वारसास मिळू शकतो. २०१६ च्या शस्त्रनियमांत अर्जदारासाठी सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाची आणि शस्त्र घरी सुरक्षित ठेवण्याच्या हमीची तरतूद आहे. वडिलांना प्रथम ही कटकट वाटली; लहानपणापासून बंदूक पाहिली, आता काय शिकावयाचे, असे ते म्हणाले. त्यावर आबांनी केवळ कणगीकडे बोट दाखविले. वडील प्रशिक्षणाला गेले. गव्यावर नेम धरणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे, हेही आता घरात सर्वांना पाठ आहे. परवाना पीक राखण्याचा आहे, शिकारीचा नव्हे. जनावर हाकण्यास अलीकडे फटाके व पत्र्याचा डबाच अधिक उपयोगी पडतो, आणि आमच्या मते ते बरेच आहे.

यंदाच्या खंडेनवमीस बंदूक पुन्हा पाटावर आली. वडिलांनी तिचे तोंड अंगणाकडे धरून गज नळीत सोडला. आत ठासणी असती तर आवाज दबका आला असता आणि गजावरील खूण नळीबाहेर राहिली असती. ‘टण्’ असा स्वच्छ आवाज झाला; खूण तोंडाशी बरोबर जुळली. मग आबांनी गज सोडला, मग आम्ही दोघांनी. आजी हातात हळदकुंकू घेऊन तोवर उभी होती. चौथ्यांदा टण् झाल्यावर तिने बंदुकीला बोट लावले, आणि पूजा आटोपताच पेटीला कुलूप घालून किल्ली कनवटीला खोचली. कणगी अजून तीच आहे. भोके शेणाने लिंपली आहेत, पण हात फिरविला की लागतात.