राहिलेली छपरे

आयुष्याची तीस वर्षे आम्ही मुंबईत मुलांना संकल्पन शिकविले. वर्गात राज्य पोस्टर रंगांचे. ते अपारदर्शक, चूक झाली की वर दुसरा थर चढवावा, झाले! जलरंगात ही सवलत नाही. त्यात पांढरा म्हणजे न रंगविलेला कागद. तो एकदा गेला की गेला. सावळाराम हळदणकरांचे म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील ‘ग्लो ऑफ होप’ जलरंगातले आहे, हे ऐकून विद्यार्थी थक्क होत. स्वतः आम्ही मात्र विद्यार्थिदशेनंतर जलरंगांची पेटी उघडलीच नव्हती.

निवृत्तीनंतर बिऱ्हाड कर्जतला हलविले, तेव्हा ती उघडली. उल्हासकाठचा पहिला पावसाळा कागदावर चिखल करण्यातच सरला. हवेत इतका ओलावा, की आकाशाचा थर तासभर वाळत नसे आणि उतावीळपणे लावलेला हिरवा ढगांत शिरे.

हात वळल्यावर, २०२२ च्या पावसाळ्यात, चौकला एसटीतून उतरून खालापूर तालुक्यातल्या इर्शाळगडाची पायवाट धरली. सुळक्यावर ढग, खाली उतारावर ठाकरांची इर्शाळवाडी. छपरांमुळे हिरव्याची सलगता तुटत होती. तीस वर्षांची शिस्त! आम्ही छपरे वगळली.

रानभाज्यांची पाटी घेऊन उतरणारी एक बाई थबकली.

“बाबा, आमची घरं कुठं हायत यात?”

“चित्रात सगळंच काढायचं नसतं,” आम्ही वर्गातल्याच सुरात म्हणालो. ती हसली आणि गेली. चित्र उत्तम उतरले होते. चौकट करून बैठकीत लावले.

१९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगर वाडीवर आला. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे बेपत्ताच राहिली. चार दिवसांनी शोध थांबला. वाचलेल्यांना चौकला कंटेनरमध्ये ठेवले होते. त्या बाईची चौकशी करावी म्हणून गेलो, पण तिचे नाव कधी विचारलेच नव्हते. दारातूनच परतलो.

जुन्या चित्रात ती छपरे आता घालता येत नाहीत. घालायची तर पोस्टर रंगाने घालावी लागतील. गेल्या पावसाळ्यात नवा कागद ताणला. आधी पेन्सिलीने छपरांच्या जागा आखल्या आणि त्या कोऱ्या सोडून भोवती हिरवा वाहू दिला. आठवून आठवून अकराच झाली. वाडीत त्याहून कितीतरी अधिक होती.

कागद वाळत असता सौ. मागे येऊन उभ्या राहिल्या.

“अहो, एवढे रंगवायचे राहिले का?”

आम्ही ब्रश धुवायला घेतला.